दुसरी खोली घेण्याआधी

वरळीच्या बी.डी.डी. चाळीत आपल्या कित्येक कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत जगल्या. तिथेच बाळंतपण, तिथेच मुलांचा अभ्यास, तिथेच लग्नाची बोलणी आणि तिथेच म्हाताऱ्या माणसांचा शेवट. ऑगस्ट २०२५ मध्ये या चाळीतील साडेपाचशेहून अधिक कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचे घर म्हणजे काय, हे ज्याने खोलीत पडदा लावून संसार केला त्यालाच कळते.

राहण्याच्या घराचा प्रश्न सुटला की माणसाच्या मनात पुढचा विचार येतो. कुणाचा निवृत्तीचा फंड हाती आलेला असतो, कुणाची पतपेढीतील ठेव मोकळी झालेली असते, कुणाचा मुलगा कमावता झालेला असतो. रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर हीच बोलणी चालतात. बदलापूरला एक खोली घेऊन टाकू, थोडी डागडुजी करू, भाड्याने देऊ, भाड्यातून हप्ता फिटेल आणि म्हातारपणी आधार होईल.

विचार चांगला आहे. आपल्या आजोबांना गावकुसाबाहेरची जागाही धड आपली म्हणता येत नव्हती. त्यांची नातवंडे दुसऱ्या घराचा विचार करतात, ही शिक्षणाची आणि बाबासाहेबांच्या चळवळीची कमाई आहे. पण ही कमाई एका चुकीच्या सहीने कशी जाते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. म्हणून हा लेख.

आमच्या घरची गोष्ट

२००९ साली माझे वडील नोकरीतून निवृत्त झाले. हातात आलेल्या फंडातून २,६०,००० रुपयांना त्यांनी कल्याणच्या पलीकडे एका चाळीत खोली घेतली. दलाल आपल्यातलाच होता. 'जय भीम' म्हणत घरात आला, आईच्या हातचा चहा प्याला आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद व एक कुलमुखत्यारपत्र देऊन गेला. मी बी.कॉम. झालेला, कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरे तपासणारा. पण घरचा कागद मी वाचला नाही. माणूस आपला आहे, मग कागद काय वाचायचा, असे वाटले.

दरमहा १,२०० रुपये भाडे १४ महिने आले. २०११ मध्ये तोडकाम पथक आले आणि आख्खी चाळ दुपारपर्यंत भुईसपाट झाली. जमीन सरकारी होती. २,६०,००० गेले आणि १६,८०० आले. पैशाचे दुःख वडिलांनी कधी बोलून दाखवले नाही. पण त्यांच्या शब्दावर वस्तीतल्या आणखी दोन घरांनी तिथेच खोल्या घेतल्या होत्या. पुढे कितीतरी महिने वडील विहाराच्या पायरीवर बसायला गेले नाहीत.

त्याच वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट सांगितले की, कुलमुखत्यारपत्र, साधा करार आणि मृत्युपत्र अशा कागदांच्या जोरावर जागेची मालकी मिळत नाही. मालकी मिळते ती नोंदणी झालेल्या खरेदीखतानेच. हे आम्हाला आधी कुणी सांगितले असते तर, असे आजही वाटते.

आधी कागद, मग घर

तेव्हा पहिला नियम असा की, खोलीची लादी बघण्याआधी कागद बघा. फ्लॅट असेल तर पुढील कागद मागा. आधीच्या सर्व व्यवहारांचे नोंदणीकृत करार आणि त्यांचे इंडेक्स टू, सोसायटीचे भागप्रमाणपत्र म्हणजे शेअर सर्टिफिकेट, इमारतीचा भोगवटा दाखला म्हणजे ओ.सी., मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. जागेवर बँकेचे कर्ज असेल तर ते फिटल्याचे पत्र. इमारत नवी असेल तर ती महारेराकडे नोंदलेली आहे का ते पाहा. स्थावर संपदा कायदा २०१६ सालचा आहे आणि महारेराचे काम २०१७ पासून सुरू आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून कोणालाही त्याची माहिती संगणकावर पाहता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा, ती दहा मिनिटांत काढून देईल.

चाळीतील खोली किंवा बैठे घर असेल तर सातबारा मागा आणि तो नीट वाचा. त्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असेल तर थांबा. अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. हा विषय आपल्याला परका नाही. महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली आणि त्या जमिनी वतनदारांना पुन्हा दिल्या गेल्या, त्या अशाच अटींवर. परवानगी न घेता झालेल्या व्यवहारांमुळे आपल्याच लोकांच्या किती जमिनी हातच्या गेल्या, हे गावाकडे विचारा. तीच चूक शहरात येऊन दुसऱ्याच्या जमिनीवर करू नये.

म्हाडाची आणि झोपडपट्टी पुनर्वसनाची घरेही ठरावीक मुदत संपेपर्यंत विकता येत नाहीत. 'आत्ता पैसे द्या, नाव नंतर चढवू' असे कुणी म्हणाले तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

टोकन देण्याआधी आपला स्वतःचा वकील लावून मागच्या ३० वर्षांचा शोध घ्यावा. दलालाने आणलेला वकील आपला नसतो. वकिलाचे पाच-दहा हजार वाचवायला जाऊन आमच्या घराने अडीच लाख घालवले.

हिशेब वहीत मांडा

आता पैशाचे बघू. भाड्यातून हप्ता फिटतो, ही समजूत बहुतेक वेळा खोटी ठरते. माझ्याच वहीतले आकडे देतो.

२०२२ च्या अखेरीस आम्ही अंबरनाथला जुन्या इमारतीत वन रूम किचन घेतले. किंमत १४,००,०००. मुद्रांक शुल्क ८४,०००, नोंदणी १४,०००, वकील ८,००० आणि दलाली २८,००० मिळून १,३४,०००. दुरुस्ती १,२६,०००. म्हणजे १४ लाखांची खोली प्रत्यक्षात १६,६०,००० रुपयांना पडली. हे वरचे पैसे बँक देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, आणि घर १० लाखांवरचे असले तर मुद्रांक व नोंदणी त्या किमतीत धरली जात नाही. आम्ही ९,००,००० कर्ज घेतले. उरलेले ७,६०,००० पतपेढीतील ठेव, माझी बचत आणि पत्नीच्या भिशीचे.

भाडे ठरले ५,५०० रुपये. वर्षात एक महिना खोली रिकामी राहणार असे धरून ११ महिन्यांचे ६०,५०० होतात. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १०,८००, बिगरवास्तव्य शुल्क ७२०, मालमत्ता कर २,७००, किरकोळ दुरुस्ती ४,००० आणि भाडेकराराचा खर्च २,००० असे २०,२२० गेले. हातात उरले ४०,२८० रुपये, म्हणजे महिन्याला ३,३५७. बँकेचा हप्ता ८.५ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी ८,८६३. उरलेले ५,५०६ रुपये दरमहा पगारातून घालावे लागतात.

घातलेल्या रकमेवर भाड्याचे निव्वळ उत्पन्न अडीच टक्क्यांच्या आसपास पडते. बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते. मग खोली का घ्यावी? एकाच कारणासाठी. कर्ज १५ वर्षांनी संपते आणि भाडे चालू राहते. आपल्या वडिलांच्या पिढीला पेन्शन होती. आपल्यातले बहुतेक आज कंत्राटावर आहेत, त्यांना ती नाही. ज्याला १५ वर्षे ही तूट सोसता येईल त्यानेच पुढे जावे. ज्याच्या डोक्यावर आधीच कर्ज आहे, ज्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा आहे किंवा ज्याचे राहते घरच अजून पक्के नाही, त्याने दुसरी खोली घेऊ नये. मुलीची फी हीच त्याची खोली.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग संसाराला, दोन भाग उद्योगाला आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. खोलीच्या नादात हा चौथा भाग मोडू नका. निदान सहा महिन्यांचे हप्ते बँकेत बाजूला ठेवल्याशिवाय करारावर सही करू नये.

घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमची खोली पत्नीच्या नावावर आहे, त्यात १४,००० रुपये वाचले. पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की, घराच्या कागदावर तिचे नाव आले. मात्र पैसा नवऱ्याचा असेल तर भाड्याचे उत्पन्न आयकरात नवऱ्याच्याच नावे धरले जाते, हे लक्षात ठेवा. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते. पण नव्या कर पद्धतीत या घरातला तोटा पगारातून वजा करता येत नाही.

दुरुस्ती: दिखावा नको

जुनी खोली बघायला जुलै-ऑगस्टमध्ये जावे. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात. कोपरे, खिडकीखालची बाजू आणि संडास-बाथरूमच्या मागची भिंत हाताने चाचपून पाहा. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला दिला असेल तर त्यामागे ओल आहे असे समजा. खालच्या मजल्यावरच्या माणसाला भेटून विचारा की, वरून गळते का? तो खरे सांगतो, कारण सोसतो तोच.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी तोडफोड, मग नळाचे आणि विजेचे काम, मग बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, मग लादी, मग गिलावा आणि सर्वांत शेवटी रंग. वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरून २४ तास ठेवावे आणि खालच्या घराचे छत पाहावे. मिस्त्री कंटाळा करतो, पण आपण ऐकू नये. वायरिंग जुने असेल तर संपूर्ण बदलावे आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. भाडेकरूच्या लेकराला शॉक लागला तर त्या भाड्याचा काय उपयोग? पिलर, बीम आणि स्लॅब यांना हात लावू नये. कामाआधी सोसायटीला लेखी कळवावे.

पीओपीचे छत, आरशाचे कपाट, रंगीत दिवे यांनी भाडे वाढत नाही. भाडेकरू पाणी किती वेळ येते, संडास स्वच्छ आहे का, ओट्याला उजेड आहे का आणि खिडकीला जाळी आहे का, हे पाहतो. आमच्या १,२६,००० पैकी जवळजवळ निम्मे बाथरूम आणि नळावर गेले. मिस्त्रीला सगळे पैसे आधी देऊ नका. काम जसे पुढे जाईल तसे द्या आणि शेवटचा हप्ता एका पावसानंतर द्या.

करार नोंदवलाच पाहिजे

'अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे' असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्यात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवणे सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खर्चही फार नाही. एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, आणि नोंदणी फी शहरात १,००० व ग्रामीण भागात ५०० रुपये. आता हे काम घरबसल्या संगणकावरही होते.

नोंदणीचा फायदा दोघांना आहे. मुदत संपल्यावर भाडेकरू निघाला नाही तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. भाडेकरूला आपण या घरात हक्काने राहतो याचा पुरावा मिळतो. त्याच्या मुलांना शाळेत घालताना हा कागद उपयोगी पडतो. भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी आणि सोसायटीला कळवावे. खोली भाड्याने दिली म्हणून सोसायटीने मनाला येईल तेवढे शुल्क लावू नये, यासाठी २००१ च्या सरकारी आदेशाने बिगरवास्तव्य शुल्कावर सेवा शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

आणि डिपॉझिट! ते आपले पैसे नव्हेत. ते कर्ज आहे. वेगळ्या खात्यात ठेवा. भाडेकरू निघताना चाबी घेतली की त्याच दिवशी डिपॉझिट परत करा. मुलाच्या बारशात डिपॉझिट खर्च करून नंतर भाडेकरूला तोंड लपवणारे मालक मी पाहिले आहेत.

भाडेकरूला काय विचारायचे?

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. ओळखीच्यांनीही घरात घेतले नाही. रात्रीची गाडी येईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. एवढा मोठा विद्वान, त्याला एका खोलीसाठी हे सोसावे लागले. त्यांनी ते लिहून ठेवले आहे.

आमची खोली तयार झाली तेव्हा दलालाचा फोन आला. पार्टी चांगली आहे, नवरा कारखान्यात पॅकिंगला, बायको आणि एक लहान मुलगी. 'पण मुसलमान आहेत, चालतील का?' मी फोनवर हात ठेवून आईकडे पाहिले. आई आधी म्हणाली, "नको रे, सोसायटीवाले काय म्हणतील?" मग ती भाजी निवडत गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या जन्माच्या आधी आम्ही दोघं खोली बघत फिरत होतो. बाई हसून बोलायची, पाणी द्यायची. मग आडनाव विचारायची. मग म्हणायची, खोली काल गेली हो. त्यांना म्हणावं, या. मी आडनाव विचारणार नाही."

ते कुटुंब आजही तिथे राहते. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत येते. ती मुलगी माझ्या आईला आजी म्हणते.

भाडेकरूला विचारायचे तर काम कुठे, पगार किती, किती माणसे राहणार, आधीची खोली का सोडली, एवढेच विचारा. आधार आणि कामाच्या ठिकाणचा कागद पाहा. जात, धर्म, जेवणात काय खाता, हे विचारण्याचा हक्क आपल्याला नाही. दुसऱ्या कुणाला असो वा नसो, आपल्याला तर मुळीच नाही.

अनाथपिंडिकाला भगवान बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने मिळवलेले असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे आणि त्यातून चांगली कामे करण्याचे सुख, कर्ज नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. यांत चौथे सर्वांत श्रेष्ठ म्हटले आहे. दुसरी खोली घेताना पहिले सुख चटकन मिळते. तिसऱ्यासाठी पंधरा वर्षे हप्ते भरावे लागतात. चौथे मात्र पहिल्याच दिवशी मिळवता येते, चावी दुसऱ्याच्या हातात देताना.

माझे वडील आता नाहीत. जाण्याच्या आधल्या वर्षी त्यांनी अंबरनाथच्या खोलीचे कागद मागून घेतले, चष्मा लावून एकेक पान वाचले आणि फाइल बांधून परत दिली. पुढच्या रविवारी ते विहाराच्या पायरीवर जाऊन बसले आणि आल्या-गेल्याला सांगू लागले, "खोली घेणार असाल तर आधी कागद आणा, माझा मुलगा बघून देईल." तेव्हापासून मी दर रविवारी वंदनेनंतर तासभर तिथे बसतो. फी नाही. प्रत्येक विहारात असा एखादा हिशेब जाणणारा आणि एखादा वकील मित्र बसला, तर आपल्या कष्टाचा फंड एका स्टॅम्प पेपरवर जाणार नाही.

जय भीम.